गोव्याच्या दमट हवेत अंडी उबवणीचा छोटा धंदा

नाताळच्या बाजारात न्यायचा गावठी कोंबा जुलैच्या सुमारास अंड्यातून बाहेर आलेला असावा लागतो, कारण परसात हिंडून, वेचून खाणारा पक्षी विकण्याजोगा व्हायला साधारण पाच महिने घेतो. म्हणजे ती अंडी यंत्रात ठेवायची वेळ जूनच्या अखेरीस येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत गोव्याच्या हवेत पाणी भरलेले असते, फांद्या तारांवर पडून वीज जात असते आणि कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी धरते. उबवणीला सोयीची हवा जानेवारी-फेब्रुवारीत असते. पण तेव्हा निघालेली पिल्ले श्रावणाच्या तोंडाशी मोठी होतात, आणि त्या महिन्यात अनेक घरी कोंबडी शिजत नाही. गिऱ्हाईकाचा हंगाम आणि हवेचा हंगाम असे एकमेकांकडे पाठ करून उभे असल्यामुळे, कोरड्या मुलखासाठी लिहिलेली यंत्राची पुस्तिका जशीच्या तशी पाळून इथे भागत नाही. पुढील मार्गदर्शन ही अडचण समोर ठेवून लिहिले आहे.

नवशिक्याचा पहिला प्रश्न बहुधा कोणते यंत्र घ्यावे हा असतो. माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. पिल्ले कोण घेणार हे आधी ठरवावे, अंडी कुठून येणार हे नंतर, आणि त्या दोन्हींच्या मापाने यंत्र.

पिल्ले घेणारे तीन प्रकारचे असतात. सत्तरी, फोंडा, सांगे या बाजूंच्या कुळागरांतून (पोफळी-नारळाच्या बागांतून) आणि परसांतून दहा-वीस कोंबड्या पाळणारी घरे हा पहिला प्रकार. अंडी विकण्यासाठी शंभर-दीडशे पक्षी ठेवणारे तरुण किंवा स्वयंसहाय्य गट हा दुसरा. आणि स्वतःची गावठी अंडी आणून देऊन पिल्ले मागणारी माणसे हा तिसरा. सुरुवात या तिसऱ्या प्रकारापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. गावठी कोंबडी वर्षाला जेमतेम पन्नास-साठ अंडी देते, आणि खुडूक बसली की एकवीस दिवस उबवण्यात आणि पुढचे दोन-तीन महिने पिल्लांमागे फिरण्यात तिची अंडी बंद राहतात. तिच्याखालची दहा-बारा अंडी काढून यंत्रात घातली आणि तिची खूड मोडली, तर ती लवकर पुन्हा अंड्यावर येते. हा हिशेब कोंबड्या पाळणाऱ्या बाईला समजावून सांगावा लागत नाही. अंड्यामागे ठरावीक मजुरी घेऊन उबवून देण्यात अंड्यांचा खर्च आपल्या अंगावर पडत नाही, आणि हात बसेपर्यंत होणाऱ्या चुकांची झळही कमी लागते. मात्र अंडी फुकट गेली तर मजुरी किती घ्यायची, हे आधीच बोलून घ्यावे, आणि प्रत्येक अंड्यावर मालकाची खूण व तारीख साध्या शिसपेन्सिलीने लिहावी. मार्कर पेनची शाई कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत जाऊ शकते.

सुधारित जातींची गोष्ट वेगळी आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, तसेच बंगळुरूच्या पशुवैद्यक महाविद्यालयाची गिरिराजा, या जाती परसासाठीच काढलेल्या आहेत. त्या गावठीपेक्षा पुष्कळ जास्त अंडी देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणूनच त्यांच्या पिल्लांना कायम मागणी राहते. यात एक मेख आहे. हे पक्षी संकरातून आलेले असल्यामुळे त्यांच्याच अंड्यांतून निघालेली पुढची पिढी आईबापांसारखी निपजत नाही. कुणी लवकर वाढते, कुणी खुरटते, अंड्यांचा आकडाही घसरतो. अशी पिल्ले ग्रामप्रिया म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि गोवा एवढा लहान आहे की ती दुसऱ्या वर्षी सर्वांना कळलेली असते. खरी पिल्ले किंवा उबवणीची अंडी हवी असल्यास जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत, तिथल्याच कृषी विज्ञान केंद्रात, दक्षिणेकडच्यांनी मडगावच्या कृषी विज्ञान केंद्रात, किंवा आपल्या तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. प्रशिक्षण कधी आहे, हेही तिथेच कळते.

अंडे हा या धंद्याचा कच्चा माल आहे, आणि निम्मे अपयश यंत्रात जाण्यापूर्वीच त्यात शिरलेले असते. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक तरणा, चपळ कोंबा असावा. नवा कोंबा सोडल्यानंतर दहा-बारा दिवस तरी अंडी उबवणीसाठी गोळा करू नयेत. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगेची लहान अंडी, फार लांबट, फार गोल, खरखरीत किंवा चिरलेली अंडी बाजूला काढावीत. कवच पातळ येत असेल तर कोंबड्यांना चुनखडी कमी पडते आहे. गोव्यात यावर स्वस्त उपाय घरातच असतो, तो म्हणजे जेवणातून उरलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या धुऊन, वाळवून, कुटून त्यांचा चुरा खुराड्यात वेगळ्या भांड्यात ठेवणे. मळकी अंडी धुण्याचा मोह आवरावा. थंड पाण्यात अंडे बुडवले की आतला भाग आकसतो आणि कवचावरची घाण जंतूंसह छिद्रांतून आत ओढली जाते. सुकी माती खरखरीत कापडाने हलकेच पुसावी. शेणाने बरबटलेले अंडे उबवणीला घेऊच नये.

साठवणीकडे मात्र फार लक्ष द्यावे लागते. उबवणीचे अंडे १५ ते १८ अंश सेल्सिअसला, रुंद टोक वर ठेवून, सात दिवसांच्या आत यंत्रात जावे, हा सर्वमान्य नियम आहे. साधारण २० ते २४ अंशांच्या वर गेल्यावर आतला जीव हळूहळू वाढू लागतो. मे महिन्यात गोव्याच्या घरात पारा ३२-३३ वर असताना फळीवर ठेवलेले अंडे अर्धवट जागे होते, रात्री मंदावते, पुन्हा जागे होते, आणि यंत्रात जाण्यापूर्वीच मरते. तपासताना ते रिकामे वाटते आणि दोष कोंब्याला दिला जातो. घाटावर लोक ओल्या वाळूत माठ ठेवून अंडी गार राखतात. आपल्याकडे हवाच ओली असल्यामुळे पाणी उडत नाही, आणि माठ पुरेसा गार होत नाही. घरचा फ्रीज चारेक अंशांवर असतो, तोही जिवाला बाधतो. म्हणून एक तर वातानुकूलित खोलीचा कोपरा मिळवावा, नाहीतर साठवण तीन-चार दिवसांवर आणून लहान लहान हप्त्यांत अंडी लावावीत. थंड खोलीतून अंडी थेट बाहेरच्या दमट हवेत आणली की गार पाण्याच्या पेल्यासारखा त्यांना घाम फुटतो, आणि त्या ओलाव्यातून बुरशी व जंतू आत जातात. अशी अंडी त्याच खोलीत, वातानुकूलन बंद करून, काही तास सावकाश कोमट होऊ द्यावीत.

यंत्र आणि खोली

पहिल्या यंत्राची क्षमता शंभर-दोनशे अंड्यांपलीकडे नसावी. पंखा असलेले, आपोआप अंडी फिरवणारे आणि हवेचे झरोके कमीजास्त करता येणारे यंत्र घ्यावे. झरोके पक्के असलेले यंत्र गोव्यासाठी निरुपयोगी समजावे. उष्णतानियंत्रक बिघडला तर तो बदलून देणारा माणूस म्हापशात किंवा मडगावात मिळेल का, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे, कारण परगावाहून सुटा भाग मागवेपर्यंत अंडी थांबत नाहीत. दर आठवड्याला पिल्ले काढायची असतील तर एका वेळी तीन हप्ते यंत्रात असतात, आणि अठरा दिवस पूर्ण झालेला हप्ता दुसऱ्या लहान पेटीत हलवावा लागतो. पिल्ले फुटताना उडणारी लव, कवचे आणि घाण बाकीच्या अंड्यांजवळ येऊ नये म्हणून ही दुसरी पेटी वेगळी असावी आणि दर खेपेला धुऊन उन्हात वाळवावी. फॉर्मॅलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी मोठ्या उबवणी केंद्रांत देतात. तिची वाफ डोळे आणि फुप्फुसे जाळणारी असल्यामुळे राहत्या घराला लागून असलेल्या खोलीत ती करू नये.

खोली जाड चिऱ्याच्या भिंतींची, पश्चिमेच्या उन्हापासून दूर आणि कोंबड्यांच्या खुराड्यापासून वेगळी असावी. तिथे जाताना चप्पल बदलावी. विजेची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंगसह करून घ्यावी, आणि यंत्राला झेपेल एवढा इन्व्हर्टर पहिल्या दिवसापासून ठेवावा. वीज गेली तर काय करायचे, हे अंड्याच्या वयावर ठरते. पहिल्या आठवड्यात दार बंद ठेवले तर तास-दोन तासांत सहसा मोठी हानी होत नाही. पंधराव्या दिवसानंतर मात्र प्रत्येक अंडे स्वतःची उष्णता बाहेर टाकत असते. पंखा बंद पडलेल्या भरल्या पेटीत ते थंड होण्याऐवजी गुदमरते. तेव्हा झरोके पूर्ण उघडावेत आणि अधूनमधून दार किलकिले करावे. थंडीपेक्षा उष्णता लवकर मारते, आणि चाळीस अंशांच्या वर गेलेले काही तास सगळा हप्ता नासवू शकतात.

अंडी लावण्यापूर्वी यंत्र दोन-तीन दिवस रिकामे चालवावे. पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ अंश ठेवावे; पंखा नसलेल्या पेटीत अंड्यांच्या वरच्या पातळीला ते सुमारे एक अंश जास्त लागते. यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. घरातला ताप मोजण्याचा थर्मामीटर आणि यंत्राची तापमान मोजणारी तार कोमट पाण्याच्या एकाच पेल्यात धरून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. अर्ध्या अंशाचा फरक एकवीस दिवस टिकला तर पिल्ले एक दिवस लवकर किंवा उशिरा येतात आणि अशक्त निघतात.

पाण्याचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. उबवताना अंड्यातून पाणी बाहेर जावे लागते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन ११ ते १३ टक्क्यांनी घटले, तरच रुंद टोकाशी हवेची पोकळी पुरेशी मोठी होते, आणि पिल्लाला कवच फोडण्यापूर्वीचे पहिले श्वास त्या पोकळीतून घेता येतात. पुस्तिका सांगते की पहिले अठरा दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवा आणि त्यासाठी तळाचे ताट पाण्याने भरा. आमच्या पहिल्या जुलैत आम्ही दोन्ही ताटे निष्ठेने भरत राहिलो. एकविसाव्या दिवशी अंड्यांत पूर्ण वाढलेली, चोच कवचाला टेकलेली पिल्ले मेलेली होती, आणि कवच फोडले की आतून पाणी सांडत होते.

कारण साधे होते. पावसाळ्यातली २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा यंत्रात शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता, पाण्याचा एक थेंबही न घालता, ५० टक्क्यांच्या आसपास येते. त्यात अंड्यांतून निघणाऱ्या वाफेची भर पडते. म्हणजे जून ते सप्टेंबर ताट कोरडे ठेवायचे आणि झरोके उघडायचे, एवढेच काम उरते. उलट जानेवारीच्या दुपारची ३० अंशांची, ५५ टक्क्यांची हवा तापली की आर्द्रता ३५-३६ वर उतरते, आणि तेव्हा ताट भरावेच लागते. वातानुकूलित खोलीत यंत्र ठेवले असेल तर भर पावसातही पाणी लागू शकते, कारण ती हवा वाळवलेली असते.

आर्द्रतामापकापेक्षा तराजू खरे बोलतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. तीस अंड्यांचे ताट रिकाम्या ताटाचे वजन वजा करून मोजावे. समजा, अंडी १५०० ग्रॅम भरली. तर सातव्या दिवशी ती सुमारे ७० ग्रॅमने आणि अठराव्या दिवशी सुमारे १८० ग्रॅमने हलकी झालेली असावीत. सातव्या दिवशी घट चाळीसच ग्रॅम दिसली तर यंत्र फार ओले आहे. पाणी काढावे, झरोके उघडावेत, पाऊस थांबत नसेल तर खोलीतली हवा कोरडी करावी. घट शंभरावर गेली तर पाणी वाढवावे. एका पावसाळ्याची ही वही दुसऱ्या पावसाळ्यात यंत्राच्या पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

अंडी फिरवण्याचे काम यंत्र करत असेल तर ते खरेच फिरवते का, एवढे रोज पाहावे. हाताने फिरवायची असतील तर दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम वेळा फिरवावीत, म्हणजे रात्रीची लांब वेळ अंडे रोज त्याच कुशीवर राहत नाही. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर अंडी तपासावीत. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात; सगळे स्वच्छ दिसले तर अंडे फळलेले नाही; रक्ताचे कडे दिसले तर जीव आधीच मेला आहे. ही दोन्ही काढून टाकावीत, आणि काढलेली अंडी खाण्यासाठी कुणाला विकू नयेत.

अठरा दिवस पूर्ण झाले की फिरवणे थांबवून अंडी फुटण्याच्या पेटीत आडवी ठेवावीत आणि आर्द्रता ६५ ते ७० पर्यंत न्यावी. आता भर पावसातही ताटात थोडे पाणी लागते, नाहीतर कवचाखालचा पडदा वाळून पिल्लाला घट्ट चिकटतो. यानंतर दार उघडू नये. चोच बाहेर आलेली दिसली की मदत करण्याची इच्छा होते. पण भोक पाडल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा-चौदा तास किंवा त्याहूनही जास्त लागणे स्वाभाविक आहे, आणि त्या वेळात पिल्लू पिवळ्या बलकाचा उरलेला भाग पोटात ओढून घेत असते. ओढून काढलेल्या पिल्लाची बेंबी उघडी राहते.

न फुटलेली अंडी फेकण्यापूर्वी फोडून पाहावीत. काम घाणेरडे आहे, पण दोष तिथेच सापडतो. पहिल्या चार दिवसांत मेलेली अंडी जास्त असतील तर साठवण बिघडली. मधल्या दिवसांतली मरतूक कोंबड्यांच्या खाद्याकडे किंवा जंतूंकडे बोट दाखवते. शेवटच्या तीन दिवसांतली मरतूक पाणी, हवा आणि फिरवणे यांच्या चुकीतून येते. पिल्ले विसाव्या दिवशीच आली आणि बेंबीला रक्त असले तर उष्णता जास्त होती. उत्पन्नाचे प्रमाणही दोन प्रकारे लिहावे. समजा, २०० अंडी लावली, ३० रिकामी निघाली आणि १३६ पिल्ले आली. लावलेल्या अंड्यांवर ते ६८ टक्के भरते, पण फळलेल्या १७० अंड्यांवर ८० टक्के. पहिला आकडा कोंबा, अंडी आणि यंत्र या सर्वांचा आहे. दुसरा प्रामुख्याने आपल्या यंत्राचा आणि हाताचा.

हाच आकडा पिल्लाची किंमतही ठरवतो. अंडे १२ रुपयांना पडले असे धरले, तर ६० टक्के उत्पन्नात प्रत्येक पिल्लावर अंड्याचे २० रुपये चढतात आणि ८० टक्क्यांत १५. त्यावर वीज, लस, खोके आणि स्वतःची मजुरी धरून भाव काढावा. शेजाऱ्याचा भाव ऐकून काढू नये. राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनासाठी पन्नास टक्के, कमाल २५ लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण तो प्रकल्प किमान हजार मातृपक्ष्यांचा असतो. पहिल्या वर्षी त्या कागदांमागे धावण्यात अर्थ नाही. पंचायतीचा ना हरकत दाखला मात्र आधीच घ्यावा, आणि शेजाऱ्यांशी बोलून घ्यावे. वास आणि माशा यांवरूनच अशा धंद्यांविरुद्ध तक्रारी होतात.

रोगांच्या बाबतीत उबवणीवाल्याची जबाबदारी पाळणाऱ्यापेक्षा मोठी आहे, कारण त्याच्या एका पेटीतून वीस घरी रोग जाऊ शकतो. पांढरी हगवण अंड्यातूनच पिल्लात उतरते. म्हणून ज्या कळपाची अंडी नियमित घेणार, त्यातल्या पक्ष्यांची रक्ततपासणी पशुवैद्यकाकडून करून घ्यावी. मारेक या पाय लुळे पाडणाऱ्या रोगाची लस पहिल्याच दिवशी, म्हणजे आपल्याकडेच, द्यावी लागते. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंबाने आणि गंबोरो या पिल्लांच्या रोगाची सुमारे चौदाव्या दिवशी देतात. या दोन्ही पिल्ले घेणाऱ्याने द्यायच्या असतात, पण तारीख आपण लिहून द्यावी. आजूबाजूला पक्षी अचानक मरू लागले तर अंडी घेणे त्याच दिवशी बंद करून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा किती खुराडी रिकामी करावी लागली, हे अनेकांच्या स्मरणात आहे.

पिल्ले वाळून फुलली की बाहेर काढावीत. बलकाच्या आधारावर ती दोन दिवस काढू शकतात, तरीही पहिल्या चोवीस तासांत त्यांना पाणी आणि खाद्य मिळालेले बरे. भोके पाडलेल्या खोक्यात, एका कप्प्यात पंचवीसपर्यंत, तळाला खडबडीत कागद घालून ती द्यावीत. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात. पावसात दुचाकीवरून नेणाऱ्याला खोके प्लास्टिकने पूर्ण गुंडाळू देऊ नये. मादीच द्या अशी मागणी हमखास होते. निम्मे कोंबे निघणार, हे आगाऊ सांगून टाकावे. आणि पिल्ले हातात देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: घरी भाताच्या तुसावर बल्ब लावून जागा ३२ ते ३५ अंशांवर तापवून ठेवली आहे का? नाही असे उत्तर आले, तर खोके परत आपल्या बल्बखाली ठेवून त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगावे.